काळा, निळा आणि कारकून

आमच्या साऊंड सर्व्हिसचं नाव ‘मंजुळा’, आणि आईचंही. दोघींतला मोठा आवाज कुणाचा यावर सिद्धार्थनगरात एकमत होतं, पण ते आईसमोर कुणी बोलून दाखवत नसे. आप्पांनी लग्नानंतर लगेच दोन कर्णे, एक अॅम्प्लिफायर आणि एक टेप घेऊन धंदा सुरू केला, आणि पेटीवर नाव काय घालू असं विचारणाऱ्या पेंटरला ते म्हणाले, "बायकूचं घाल, म्हंजे भांडण मिटलं." भांडण कशाचं होतं ते दोघांनीही आम्हाला कधी सांगितलं नाही. मला कळायला लागलं तोवर कर्ण्यांच्या जागी माणसाएवढे बॉक्स आले होते, एका टेपचे दोन डेक झाले होते, आणि बाहेरच्या खोलीत जमिनीपासून पत्र्यापर्यंत कॅसेटी लागल्या होत्या. आम्ही माणसं आतल्या खोलीत राहायचो. पावणे आले की बाहेरच्या खोलीत कॅसेटींकडे तोंड करून बसायचे, चहात बटर बुडवता बुडवता हळूच एखादी कॅसेट ओढून वाचायचे आणि हसायचे. मग आप्पा ती त्यांच्या हातातून काढून घेऊन परत तिच्या जागेवर सरकवायचे.

लोक हसायचे ते नावांना. विकत आणलेल्या कॅसेटीवर गाण्याचे शब्द छापलेले असतात, गायकाचं नाव असतं, पण आप्पांच्या मते त्याचा धंद्यात काही उपयोग नव्हता. मांडवात गाणं मागायला येणारा माणूस कधी शब्द सांगत नाही. तो म्हणतो, "आवो, ते लावा की. हुपरीत लावल्यालं बघा, नवरीची आत्या रडाय लागल्याली." म्हणून आप्पा कॅसेटीतल्या कागदावर एकेका गाण्यासमोर बॉलपेननं तेच लिहून ठेवत. ‘आत्या रडली, हुपरी’. ‘लाइट गेली, शिरोली’. ‘जयंती, पाऊस, तरी नाचले’. एका गाण्याचं नाव ‘म्हस सुटली, दोनदा’ असं होतं, कारण ते लावलं की लागोपाठ दोन गावांत कुणाची तरी म्हैस दावं तोडून मांडवात आली होती. आणि एकाचं नाव होतं ‘तात्या पडले, कागल’.

हे तात्या म्हणजे पेठ वडगावचे रिटायर हेडमास्तर. आमच्या लांबच्या नात्यातले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, चष्मा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आपोआप हाताची घडी घालावी. जन्मात कधी नाचले नव्हते. पुतण्याच्या वरातीत, कागलात, पोरांनी ओढलं म्हणून चार पावलं टाकली आणि थेट गटारीच्या चिखलात बसले. पांढऱ्या धोतरासकट. त्यानंतर त्यांच्या घरात कागल हे नाव काढायचं बंद झालं, म्हणजे काकूंना कागलच्या बहिणीकडे जायचं असलं तर त्या ‘तिकडं’ जाऊन येतो म्हणायच्या. आप्पांनी मात्र घरी आल्याबरोबर इमानदारीनं कागदावर नोंद केली. त्यात कुचेष्टा नव्हती. उद्या कुणी ते गाणं मागितलंच तर त्याच नावानं मागणार, एवढाच हिशेब.

तात्यांना दुखवणं आम्हाला परवडणारं नव्हतं. वडगावकडच्या सगळ्या सुपाऱ्या त्यांच्या शब्दावर मिळायच्या. (सुपारी म्हणजे लग्नकार्याचं बुकिंग. आमच्याकडे हा शब्द पोलिसांच्या आधीपासून वाजवणाऱ्यांचा आहे.) आणि नेमक्या त्या दिवसांत आप्पांच्या सुपाऱ्या गळायला लागल्या होत्या, कारण पलीकडच्या गल्लीतल्या एकानं जयंतीला स्टेजवर चक्क कम्प्युटर आणून ठेवला. त्याची गाणी एकाला एक जोडून यायची. आप्पा कॅसेट बदलेपर्यंत मध्ये जी शांतता पडायची तिच्यात पोरं शिट्ट्या मारायची. त्याच्याकडे शांतताच नव्हती. बघता बघता दोन ठरलेली लग्नं त्याच्याकडे गेली. आप्पा जेवताना म्हणाले, "एक सीझन बघतो. न्हाय जमलं तर समदं इकून कारखान्यावर वाचमन म्हणून जातो. सायब इचारत हुता." आई भाकरी थापायची थांबली. आयुष्यभर आवाज विकलेला माणूस रात्रभर साखरेच्या पोत्यांजवळ गप्प बसणार, हे चित्र तिला सहन झालं नसावं. ती म्हणाली, "तुमी वाचमन झालासा तर चोर तुमाला गाणं इचारून जातील."

मी तेव्हा बी.कॉम.ला होते आणि कम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. कोर्समध्ये मी मुख्यतः पत्त्यांचा खेळ शिकले, पण ते घरी कुणाला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "आप्पा, कम्प्युटर घेऊया. मी करतो की समदं." हे ‘मी करतो’ वाचून पुण्याकडच्या वाचकानं छपाईची चूक समजू नये. कोल्हापुरात बायका येतो, जातो, करतो असंच म्हणतात. लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा शेजारणीनं मला पहिला महिनाभर भीतभीतच हाक मारली. असो. आप्पांनी एक डेक आणि जुना जनरेटर विकला, फौंड्रीत कामाला असलेल्या माझ्या थोरल्या भावानं, दादानं, पगारातून भर घातली, आणि सुटे भाग जोडून बनवलेला एक कम्प्युटर रिक्षातून आमच्या घरी आला. आईनं त्याच्यावर आधी वाकळ घातली. नव्या वस्तूला दृष्ट लागते असं तिचं म्हणणं नव्हतं, पत्रा गळतो असं होतं.

तो सगळा पावसाळा आम्ही कॅसेटी आत भरण्यात घालवला. डेकवर कॅसेट लावायची, ती वाजेल तसं कम्प्युटर ऐकणार. घाई करता येत नाही. अर्ध्या तासाची बाजू अर्धा तासच घेते. घरात दिवसभर हळद, वरात, पाठवणी, भीमगीतं, कव्वाल्या, पुन्हा हळद. बाहेर आषाढ, आत लग्नसराई. कोपऱ्यावरचा गिरणीवाला दळण आणून देताना विचारायचा, "कुणाचं ठरलंय काय?" डेकपासून कम्प्युटरला वायर जोडायची असते हे आम्हाला दोन आठवड्यांनी कळलं. तोवर दादानं डेकसमोर माइक धरून काम चालवलं होतं. त्यामुळे पहिल्या बऱ्याच गाण्यांत कुकरच्या शिट्ट्या आल्या, एका पाळण्यात पत्र्यावरचा पाऊस आला, आणि हळदीच्या एका गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी आईचा खणखणीत आवाज आला: "आवो, पाणी आलं! बादल्या लावा!" आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुन्ना कोण भरत बसतंय?"

भरणं झालं, आणि मग खरा प्रश्न उभा राहिला. गाणी आत आहेत, पण ती वाजवायची कशानं? माझी समजूत अशी की कम्प्युटर म्हणजे कम्प्युटर, तो वाजवेल. पण वाजवणारे प्रोग्राम निरनिराळे असतात हे दादाच्या एका मित्रानं सांगितलं आणि आणखी दोन प्रोग्राम असलेली एक सीडी दिली. आप्पांनी ठरवलं की एकदाच काय ते बघून घेऊ, सगळ्यांसमोर. एका रविवारी आईनं पोहे केले. आप्पा आंघोळ करून, भांग पाडून कम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसले. त्यांच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला आई, आणि माउस धरून मधोमध मी. मी तिथं अशी अंग चोरून बसले होते की बाहेरून कुणी बघितलं असतं तर माझंच बघणं चाललंय असं वाटलं असतं.

पहिला होता तो कम्प्युटरबरोबर फुकट आलेला. निळा, ऐसपैस. उघडायला इतका वेळ घ्यायचा की आईचे पोहे खाऊन झाले. उघडल्यावर त्यानं कुणाला न विचारता सगळा कम्प्युटर धुंडाळला आणि गाण्यांच्या यादीत दोन परदेशी सुरावटी आणि आतले सगळे टिंग-टँग आवाज घालून टाकले. हळदीचं गाणं संपलं आणि लगेच आलं, टिंग. मग त्यानं इंटरनेट मागितलं. आमच्याकडे साधा फोन नव्हता. मी ‘नको’ दाबलं. त्यानं पुन्हा मागितलं. आप्पांनी चष्मा वर केला. "घरात पाऊल टाकलं न्हाय तवर हुंडा मागाय लागलाय. फुडचा दाखव."

दुसरा मला मनातून पसंत होता. तो नीटनेटका होता. गाण्यांची वर्गवारी करायचा. गायक, संग्रह, प्रकार, साल. मी मोठ्या उत्साहानं सगळी गाणी त्याच्या ताब्यात दिली. त्यानं क्षणभर विचार केला आणि सगळीच्या सगळी एका नावाखाली टाकली: ‘अननोन आर्टिस्ट’.

"म्हंजे?" आप्पांनी विचारलं.

"अनोळखी गायक."

आप्पांनी एका गाण्यावर बोट ठेवलं. जयंतीला गायन पार्टी घेऊन येणाऱ्या आमच्या भागातल्याच एका गायकाचं होतं ते. "अनोळखी? ह्यो माणूस दोनदा जेवून गेलाय आपल्यात."

मी समजावलं की ते आपण भरायचं असतं. गायक भरायचा, मग प्रकार निवडायचा. प्रकारांची यादी मी उघडून दाखवली. भली मोठी होती, पण तिच्यात हळद नव्हती, वरात नव्हती, पाठवणी नव्हती, पाळणा नव्हता. दादानं खाली खाली सरकत एक शब्द मोठ्यानं वाचला, "पोल्का." आई म्हणाली, "पोलकं? गाण्याचं दुकान हाय का टेलरचं?" दादा म्हणाला, वाजवून बघितल्याशिवाय कसं कळणार, आणि त्यानं झांजपथकाची सगळी गाणी पोलक्यात घातली. या प्रोग्रामचं नाव घरात ‘कारकून’ पडलं. आप्पांचं शेवटचं म्हणणं असं पडलं: "हुशार हाय. पण ह्याला माणसाची वळख न्हाय, नुसता फॉर्म भराय सांगतंय. मांडवात बापय माणूस दारू पिऊन गाणं मागाय येतोय, त्याला मी साल इचारू?"

तिसरा काळा. काडेपेटीएवढा, एका कोपऱ्यात बसणारा. आप्पांनी विचारलं, "खातंय किती?" त्यांचा अर्थ मेमरी असा होता, हा शब्द दादाच्या मित्राकडून त्यांनी उचलला होता. काळा अगदी कमी खायचा. टिचकी मारली की पुढच्या क्षणी वाजायचा. आणि त्याचं रूप बदलता यायचं. त्याला ‘स्किन’ म्हणतात असं मी सांगितलं. "कातडं बदलतंय? साप हाय काय त्यो?" पण मी एक कातडं लावलं आणि आप्पा बोलायचे थांबले. पडद्यावर जुना टेप आला होता. दोन चाकं, काळी बटणं, बाणाचा काटा. गाणं लागलं की चाकं फिरायची. आप्पांनी बोट काचेवर नेऊन एका चाकावर ठेवलं. चाक बोटाखाली फिरत राहिलं. आजही मी मोबाइलवर गाणं लावते तेव्हा चाकं शोधते. पोरं म्हणतात, आई, काय बघतीस त्या काचेत.

"हाच," आप्पा म्हणाले.

एकच अडचण होती, अक्षरं मुंगीएवढी. आप्पांना चष्म्यातूनही दिसेनात. त्यावर दादानं तोड काढली. काळ्याच्या पोटात एक करामत होती: पडदाभर रंग नाचायचे, गाण्याच्या ठेक्यावर उसळायचे, आणि गाणं बदललं की त्या रंगांतून नव्या गाण्याचं नाव मोठ्या अक्षरांत वर यायचं. मोठ्या म्हणजे पार खोलीच्या दारातून वाचता येईल एवढ्या. आप्पा खूश झाले. नावं मला मराठीत टाइप करायची होती, पण मराठीत केलं की काळ्याच्या खिडकीत त्यांची उसळ व्हायची; म्हणून मी सगळी इंग्रजी लिपीत टाइप केली. कोर्स केल्याचा अभिमान म्हणून मी एकदा सुचवून बघितलं की निदान आता तरी गाण्यांना बरी नावं देऊ. आप्पा म्हणाले, "मला घावली पायजेत, का तुझ्या मास्तरला?" तेव्हा ‘आत्या रडली’ होती तशीच राहिली, म्हैस राहिली, आणि तात्याही राहिले.

पहिलं लग्न मिळालं ते पेठ वडगावचंच. तात्यांच्या चुलतभावाच्या नातीचं. तात्यांनी आप्पांना स्पष्ट सांगितलं होतं, "माझ्या शब्दावर तुला बोलावतोय. पोरं त्या कम्प्युटरवाल्याला आणा म्हणत हुती. मी म्हटलं, आमच्या माणसाकडं बी हाय. बघतो कसं वाजवतोस, मग फुडच्या लग्नांचं ठरवू." म्हणजे ही परीक्षा होती, आणि पेपर तपासणारा हेडमास्तर. आप्पांनी पहाटेपासून तीनदा वायरी मोजल्या. आई सणाचं लुगडं नेसली, टेम्पोत चढली आणि वाकळेत गुंडाळलेला मॉनिटर बाळंतिणीच्या पोरासारखा मांडीवर घेऊन बसली. खड्डा आला की ड्रायव्हरला म्हणायची, "दमानं हाण की, लेकरू हाय."

शाळेच्या मैदानात मांडव होता. कम्प्युटर टेबलावर मांडला आणि दादाला अवदसा आठवली. पडद्याचं तोंड त्यानं लोकांकडे केलं. "रंग दिसू देत की! त्या पलीकडच्याकडं असलं कुठाय?" आप्पांनाही ते पटलं, आपल्याकडे काहीतरी जास्तीचं आहे हे दाखवायची तेवढीच संधी होती. पडद्यासमोर लगेच पोरांची रांग बसली. गाणी सुरू झाली. एकाला एक जोडून, मध्ये शांतता नाही. आप्पांचा चेहरा हळूहळू सैल झाला. एकदा हळदीचं ते गाणं लागलं, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाला दोन्ही बॉक्समधून आई कडाडली, "आवो, पाणी आलं! बादल्या लावा!" आणि मांडवातल्या सातआठ बायका खरोखर उठल्या. वडगावात तेव्हा एक दिवसाआड पाणी यायचं. एक तर नळापर्यंत जाऊन आली. पण लग्नाच्या घरी असलं चालून जातं; आई स्वतःच सगळ्यांत जास्त हसली. तात्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी फक्त मान आमच्याकडे वळवली आणि पुन्हा सरळ केली.

वंदना झाली, नवरानवरीनं एकमेकांना हार घातले, फुलांच्या पाकळ्या उडाल्या, पंगती बसल्या. आप्पा निर्धास्तपणे जेवायला गेले. कॅसेटीच्या काळात ते कधी पंगतीला बसत नसत. कुणीतरी पत्रावळ आणून डेकपाशी ठेवायचं. आता काळा आपला आपण पुढचं गाणं घेत होता, मुळाक्षरांच्या क्रमानं. मला ते दिसत होतं, ‘एस’ संपून ‘टी’ येणार हे कळत होतं, पण मी जिलेबी खात होते आणि माझ्या डोक्यात त्याचा काही अर्थ उमटला नाही.

हलगी कडकडली. रंग उसळले. त्यांतून पिवळीजर्द अक्षरं वर आली. पुढं बसलेली तिसरी-चौथीची पोरं इंग्रजी वाचायची संधी सोडत नसत. एकीनं मोठ्यानं जोडून जोडून वाचलं, "टा-ट्या पॅ-ड-ले का-ग-ल." दुसरी म्हणाली, "इंग्लिश गाणं हाय." मग सगळ्यांनी सुरात सुरू केलं, टाट्या पॅडले, टाट्या पॅडले. मागून नवऱ्याकडचा एक कॉलेजातला पोरगा आला, पडद्याकडे बघितलं, ओठ हलवले आणि मराठीत म्हणाला, "तात्या पडले, कागल."

मांडवात जेवढे वडगावचे होते त्यांचे घास हातात राहिले. मग कुठूनतरी एक खुसखुस निघाली, आणि नंतर ती आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही. आप्पा उष्ट्या हातानं धावत आले. बंद कसं करायचं ते विसरले आणि त्यांनी सरळ अॅम्प्लिफायरची वायर ओढली. आता गाणं नव्हतं, फक्त पडद्यावर मुके रंग नाचत होते. तात्या खुर्चीतून उठले आणि सावकाश चालत टेबलापाशी आले.

"काय लिहिलंय हे?"

"मशीनचा दोष हाय, तात्या," आप्पा म्हणाले.

"मी पडलो हे मशीनला कुणी सांगितलं?"

आप्पा उष्टा हात धोतराला पुसायला लागले. पाठीमागून आई माझ्या कानात म्हणाली, "गेली वडगावची लग्नं." तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मांडवाकडे वळून वर्गात बोलावं तसं बोलले. "पडलो. न्हाय कशाला म्हणू? पण ह्या गाण्याला न्हाय पडलो. ह्याच्या आधीच्या गाण्याला पडलो. ह्या गाण्याला मी उठून नाचलो. नोंद चुकीची हाय."

इथं कुणीही शहाण्या माणसानं ‘बरोबर हाय तुमचं’ म्हटलं असतं आणि सुटका करून घेतली असती. आई आप्पांना मागून कोपर मारत होती. पण आप्पांच्या नोंदीला चूक म्हटलेलं आप्पांना सोसत नसे. ते म्हणाले, "न्हाय तात्या. हेच गाणं."

"आधीचं."

"हेच. मी वाजवत हुतो न्हवं?"

"आणि मी पडत हुतो न्हवं? कुणाला जास्ती कळणार?"

त्यावर पंगतीतून लोक उठून आले. कागलच्या त्या वरातीला असलेले चारपाच जण निघाले आणि साक्षी सुरू झाल्या. एक म्हणाला आधीचं, दुसरा म्हणाला हेच, तिसरा म्हणाला तवा गाणंच बंद हुतं. काकू बायकांत बसून मोठ्यानं म्हणाल्या, "धोतर धुतलं मी, मला कोण इचारंना." शेवटी तात्या म्हणाले, "दोन्ही लावा. आधीचं ते, मधेच ठेका थांबतोय ते. दाखवतोच." मी वायर जोडली आणि शोधून लावलं. पडद्यावर पिवळ्या अक्षरांत आलं, ‘म्हस सुटली, दोनदा’. या वेळी पोरांना मराठी करून द्यावं लागलं नाही. तात्यांनी तिकडे बघितलंच नाही. त्यांनी चपला काढल्या, चष्मा काकूंकडे पाठवला, धोतराचा सोगा खोचला आणि सगळ्या गावादेखत नाचायला सुरुवात केली. हेडमास्तर नाचतात तसं, म्हणजे हात कवायतीचे आणि पाय भलतीकडचे. ठेका थांबला. तात्यांचा एक पाय हवेत राहिला. ते डावीकडे कलले, आणखी कलले, आणि नव्या व्याह्यांनी पुढं होऊन त्यांना काखेत धरलं म्हणून वाचले.

"बघितलंसा?" तात्या त्याच अवस्थेत म्हणाले. "इथं पडतोय माणूस. आता ते दुसरं लावा."

दुसरं लावलं. त्याला ते शेवटपर्यंत नाचले. व्याह्यांना सोडलं नाही, त्यांनाही नाचवलं. मग पोरं आली, नवरा आला, काकू त्यांचा चष्मा मुठीत धरून आल्या. मध्ये एकदा माझी नजर आप्पांकडे गेली. ते तात्यांच्या पायांकडे बघत होते. गाणं संपल्यावर तात्या धापा टाकत टेबलाशी आले. "पडलो का?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "चुकलं माझं. पोरी, बदल नाव."

आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी आईकडे. आमच्या घरात ‘चुकलं’ हा शब्द आप्पांच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता. मी नाव खोडलं. तात्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "उठले लिही. तात्या उठले. ‘टी’पुढं ‘एच’ घाल, न्हायतर उटले होतंय." मी घातला. त्यांनी ते दोनदा वाचलं, मान डोलावली आणि गर्दीतून एका माणसाचं मनगट धरून ओढत आणलं. त्याच्या मुलीचं लग्न महिन्याभरात होतं. "सुपारी ह्यांना द्यायची," तात्या म्हणाले. "तेवढा पडदा भिंतीकडं करून घ्या." जाता जाता आणखी दोघांशी बोलले. कारखान्याचा साहेब त्या वर्षी दुसरा वॉचमन बघून मोकळा झाला.

परत येताना टेम्पोत आप्पा आणि मी मागं बॉक्सच्या मधे बसलो होतो, आई पुढं मॉनिटर घेऊन. वाठारच्या अलीकडे ऊस वाऱ्यानं एका बाजूला झुकला होता. आप्पा वायरीचं भेंडोळं करत होते. मी विचारलं, "आप्पा, खरंच आधीच्या गाण्याला पडलेले काय हो ते?"

"ह्याच गाण्याला पडलाय," आप्पा म्हणाले. "मी हात धरून काढला की चिखलातनं. उठून नाचतोय कुठला? वरात संपस्तवर जीपमदी बसून हुता, टावेल गुंडाळून."

"मग नाव कशाला बदलाय लावलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मला एवढंही कळू नये याचं नवल वाटल्यासारखं.

"आज नाचला न्हवं त्याच्यावर? मग आता बरोबरच हाय की ते."